पंचनाम्यात न आलेली मुले

प्रति,
माननीय जिल्हाधिकारी,
माननीय मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद,
माननीय पोलीस अधीक्षक

विषय : शाळेच्या दारात घडलेला खून पाहिलेल्या मुलांकडे झालेले दुर्लक्ष आणि समुपदेशकाऐवजी कॅमेरे बसविण्याचा निर्णय.

महोदय,

तीन महिन्यांपूर्वी, कापसाची दुसरी वेचणी चालू असताना, तापीकाठच्या आमच्या गावात बाजाराच्या दिवशी, नेमक्या शाळा सुटण्याच्या वेळेला, शाळेच्या फाटकासमोर एका माणसाचा कोयत्याने खून झाला. बांधाचा जुना वाद होता. आरोपी अटकेत आहेत, खटला उभा राहील आणि न्यायालय आपले काम करील. त्याविषयी मला काहीही म्हणायचे नाही. गाव कोणते आणि शाळा कोणती हे आपल्या तिन्ही कार्यालयांना ठाऊक आहे. मी ते येथे लिहीत नाही, कारण गावाचे नाव लिहिले की मुले ओळखू येतात. हे पत्र त्या मुलांविषयी आहे, जी त्या वेळी तेथे होती, ज्यांना साधे खरचटलेही नाही, आणि म्हणून ज्यांची नोंद कोठेच झाली नाही.

मी सत्तावीस वर्षे याच भागातील माध्यमिक शाळेत मराठी शिकवले आणि मागच्या वर्षी निवृत्त झाले. माझा नातू जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीला आहे. फाटकासमोरच्या किराणा दुकानदाराने त्या दिवशी प्रसंगावधान राखून रस्त्यावरची सात मुले आत ओढली आणि शटर खाली घेतले. त्याचे उपकार आम्ही विसरणार नाही. पण त्या दुकानाचे शटर पुरते टेकत नाही, खाली चार बोटांची फट राहते. माझा नातू तेलाच्या डब्यांशेजारी पालथा पडून त्या फटीतून पाहत होता. त्याला माणूस दिसला नाही. एक चप्पल दिसली आणि एक हात दिसला, आणि तो हात थोडा वेळ हलत होता. पोलीस येऊन शटर वर होईपर्यंत पाऊण तास गेला. त्या रात्री जेवताना त्याने मला विचारले, "मोठी माय, तो माणूस उठना का?" मी त्याला सांगितले की हो, उठला, त्याला दवाखान्यात नेले आहे. मी खोटे बोलले. दुसऱ्या दिवशी त्याला बरोबरच्या मुलांकडून खरे कळले, आणि तेव्हापासून तो मला त्याविषयी काही विचारीत नाही.

तो पुन्हा अंथरूण ओले करू लागला आहे. त्याच्या वर्गातली एक मुलगी रोज सकाळी पोट दुखते म्हणून रडते; तालुक्याच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी केली, पोटात काही सापडले नाही. दुकानात कोंडलेल्या सातांपैकी एक मुलगा अडखळत बोलू लागला आहे. गावात याला उत्तर ठरलेले आहे : "पोरे शेतस, इसरी जातीन." मुले आहेत, विसरतील. हे वाक्य मी आयुष्यभर ऐकले आहे, वर्गात मी स्वतःही ते म्हटले आहे, आणि ते चुकीचे आहे हे मी आता लेखी सांगते आहे.

मधल्या सुट्टीत मुले त्या खुनाचा खेळ खेळतात. एकाच्या हातात लाकडी पट्टी असते, एक जण पडतो, बाकीचे पळतात. माझा नातू या खेळात शटर होतो. तो हात वर करून उभा राहतो आणि मोठा आवाज करून खाली बसतो. मग इतर मुले "उघड, उघड" म्हणतात आणि तो उघडत नाही. मी कुंपणाबाहेरून हा खेळ चार वेळा पाहिला. त्यात कोणीही हसत नव्हते. शिक्षकांना वाटले की मुले वाह्यातपणा करतात, म्हणून त्यांनी तो खेळ बंद करायला लावला. आता तो शौचालयाच्या मागे चालतो.

अमेरिकेत कॅलिफोर्नियातील चाउचिला नावाच्या गावात १९७६ साली २६ शाळकरी मुलांना त्यांची बस अडवून पळवून नेऊन जमिनीत पुरलेल्या एका ट्रेलरमध्ये कोंडण्यात आले होते. सर्व मुले जिवंत परत आली, आणि तेव्हाही मोठ्या माणसांना वाटले की संकट टळले. लेनोर टेर या मानसोपचारतज्ज्ञ त्या मुलांना भेटत राहिल्या. चार वर्षांनंतरही त्या घटनेच्या खुणा प्रत्येक मुलामध्ये त्यांना आढळल्या. अशी मुले तोच प्रसंग खेळात पुन्हा पुन्हा, कोणत्याही आनंदाशिवाय खेळत राहतात, हे त्यांनी नोंदवून ठेवले आहे. चाउचिला आमच्यापासून फार दूर आहे, पण शौचालयाच्या मागचा खेळ तोच आहे.

आपल्यापैकी कोणी रात्री केळीच्या बागेत जागल केली असेल, तर माझे पुढचे म्हणणे त्यांना लगेच कळेल. रानडुकरे येतील म्हणून जागणारा माणूस पान हलले तरी उठून बसतो, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या हातात पेपर दिला तर त्याला अक्षर लागत नाही. डोळ्यांदेखत हिंसा पाहिलेल्या मुलाचे शरीर अशीच जागल करीत राहते. मेंदूतील धोक्याची सूचना देणारा भाग शांत होत नाही, ताणाची संप्रेरके वेळी-अवेळी पाझरतात, झोप उथळ होते, मोटारसायकलचा फटफट आवाज आला तरी मूल दचकते. मोठ्या माणसाचा मेंदू घडून झालेला असतो. मुलाचा याच अवस्थेत घडत असतो, आणि विचार करून स्वतःला आवरण्याचा भाग तर विशी उलटली तरी पक्का होत असतो. शिकागो शहरात मुलांच्या वाचनाच्या आणि शब्दसंग्रहाच्या चाचण्यांचा अभ्यास पॅट्रिक शार्की या समाजशास्त्रज्ञाने २०१० साली प्रसिद्ध केला. ज्या कृष्णवर्णीय मुलांच्या वस्तीत चाचणीच्या आधीच्या आठवड्यात खून झाला होता, त्यांचे गुण तशाच इतर मुलांपेक्षा स्पष्टपणे कमी होते, आणि त्यांतील प्रत्येकाने तो खून डोळ्यांनी पाहिला होता असेही नाही. आमच्या शाळेची गुणवत्ता घसरली म्हणून मुख्याध्यापकांना नोटीस देताना आपल्या कार्यालयाने ही गोष्ट विचारात घ्यायला हवी होती.

आता माझ्या तक्रारी.

पहिली तक्रार अशी की मुलांची यादीच झाली नाही. पंचनाम्यात रक्ताचे डाग आले, चप्पल आली, दुकानाचे शटर आले, फाटकापासूनचे अंतर फुटांत आले. शटरमागे सात मुले होती आणि फाटकाच्या आत आणखी चाळीस-पन्नास उभी होती, हे कोठेही आले नाही. साक्षीदार म्हणून कामाला येतील तेवढीच मुले पोलिसांनी विचारात घेतली. कोणत्या मुलाने काय पाहिले, कोण झोपत नाही, कोण शाळेत येईनासे झाले, याची विचारणा घरोघर जाऊन करणे हे गावातील आशाताई आणि अंगणवाडीताई यांना दोन दिवसांचे काम होते. त्यांना कोणी सांगितलेच नाही. शाळेच्या भिंतीवर मुलांच्या मदतवाहिनीचा १०९८ हा क्रमांक ठळक रंगवलेला आहे. मुलांच्या सुरक्षिततेसाठी शासनाने २०२२ साली शाळाशाळांतून सखी सावित्री समिती स्थापन करायला लावली. आमच्या शाळेत त्या समितीच्या सदस्यांची नावे फलकावर आहेत आणि खुनानंतर त्या समितीची एकही सभा झालेली नाही.

दुसरी तक्रार पोलिसांच्या चौकशीविषयी आहे. सहावीतल्या, बारा वर्षांच्या एका मुलीला जबाबासाठी तीन वेळा पोलीस ठाण्यात बोलावले गेले. एकदा तिला वर्ग चालू असताना गणवेशातील शिपायाने बाकावरून उठवून नेले. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १७९ स्पष्ट आहे : पंधरा वर्षांखालील मुलाला आणि कोणत्याही स्त्रीला, त्यांची स्वतःची तयारी असल्याशिवाय, चौकशीसाठी राहत्या घराबाहेर बोलावता येत नाही. त्या मुलीच्या आई-वडिलांना हे माहीत नव्हते. पोलिसांना ते माहीत असायला हवे. वर्गातून नेल्यानंतर चार दिवस गावात लोक एकमेकांना विचारीत होते की हिने काय केले. ती आता वर्गात खिडकीपासून सर्वांत लांबच्या बाकावर बसते आणि हजेरीला "उपस्थित" म्हणत नाही, फक्त हात वर करते.

तिसरी तक्रार शिबिराविषयी आहे. घटनेनंतर तेराव्या दिवशी गावातल्या दोन्ही शाळांतील मुले मंडपात बसवून एक तासाचे समुपदेशन शिबिर झाले. पाहुण्यांचे स्वागत झाले, सत्कार झाले, आणि मग व्यासपीठावरून मुलांना विचारण्यात आले की ज्यांनी घटना पाहिली त्यांनी उभे राहून अनुभव सांगावा. जागतिक आरोग्य संघटनेने मानसिक प्रथमोपचारावर २०११ साली काढलेल्या मार्गदर्शिकेत नेमके उलटे सांगितले आहे : संकटातून गेलेल्या माणसाला बोलण्याची सक्ती करू नका, त्याच्याजवळ बसा, त्याला काय हवे ते विचारा, त्याला त्याच्या माणसांशी जोडून द्या. उभी राहिलेली एक मुलगी रडू लागली, तेव्हा तिचा फोटो काढला गेला आणि तो दुसऱ्या दिवशी शिबिराच्या बातमीबरोबर फिरला.

चौथी तक्रार मला सर्वांत जास्त टोचते. आठवीतला एक मुलगा, चौदा वर्षांचा, माझ्या जुन्या विद्यार्थ्याचा मुलगा. खुनाचा व्हिडिओ कोणीतरी गच्चीवरून काढला होता आणि तो रात्रीपर्यंत चार तालुक्यांत पोहोचला. या मुलाच्या फोनमध्ये तो होता. तो आधी घाबरून पाहत होता, मग इतरांना दाखवू लागला, आणि दाखवता दाखवता त्याला वर्गात मान मिळू लागला. महिन्याभराने त्याच्या कंपासपेटीत ब्लेड सापडले. शाळेने वडिलांना बोलावून त्यांच्याकडून "स्वेच्छेने" असा अर्ज लिहून घेतला आणि शाळा सोडल्याचा दाखला हातात दिला. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १६ प्रमाणे आठवीपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. वयात येणारे मूल भीती रडून दाखवीत नाही. ते अंगावर येते, भांडते, घराबाहेर राहते, गुटखा-दारूकडे वळते, खिशात काहीतरी ठेवून चालू लागते, कारण पुन्हा तसे घडले तर आपण त्या पडलेल्या माणसाच्या जागी असू नये एवढेच त्याला हवे असते. त्या मुलाने ब्लेड का आणले, हे त्याला कोणीही विचारले नाही. मी विचारले. तो म्हणाला, "मॅडम, शटर प्रत्येक वेळी उघडं नसतं." तो सध्या एका वीटभट्टीवर जातो.

येथे मला माझी स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे. १ जुलै २०१८ रोजी साक्री तालुक्यातील राईनपाड्याला, मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून, भिक्षा मागून पोट भरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ठेचून मारले. तो रविवार होता, आठवडे बाजाराचा दिवस, आणि आमच्याकडे बाजारात आईचे बोट धरून लेकरे असतातच. त्याचे चित्रीकरणही फोनाफोनांतून खानदेशभर फिरले. सोमवारी नववीच्या वर्गात मागच्या बाकावर तीन मुले ते पाहताना मला सापडली. मी फोन काढून घेतला, रागावले आणि धडा पुढे चालू केला. त्यांनी काय पाहिले आणि त्यांना काय वाटले, हे मी विचारले नाही. मुलांच्या रक्षणाच्या नावाखाली पाच माणसे मारली गेली आणि त्या मारण्याचे चित्रीकरण मुलांच्याच हातात आले, ही गोष्ट मी त्या दिवशी वर्गात बोलायला हवी होती. आज मी जे आपल्याकडे मागते आहे, ते मी तेव्हा स्वतः केले नाही, याची मला जाणीव आहे.

पाचवी तक्रार आपल्या निर्णयाची आहे, आणि तिच्यामुळेच हे पत्र जाहीरपणे लिहावे लागले. आम्ही ६४ पालकांनी सह्या करून दोन्ही शाळांसाठी एक समुपदेशक मागितला होता. गेल्या आठवड्यात आलेल्या उत्तरात म्हटले आहे की असे पद मंजूर नसल्याने विनंती मान्य करता येत नाही. तथापि विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठी प्रवेशद्वारावर चार सीसीटीव्ही कॅमेरे बसविण्यास आणि कुंपणाच्या भिंतीची उंची वाढविण्यास मंजुरी देण्यात येत आहे. कॅमेऱ्याला माझा विरोध नाही. पण पुढचा खून कॅमेऱ्यात दिसेल, यात मागचा पाहिलेल्या मुलांसाठी काय आहे? ती मुले भिंतीच्या आतच आहेत.

आपण म्हणाल की खून काही रोज होत नाहीत. खून होत नाहीत, हिंसा होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९ ते २०२१ च्या पाचव्या फेरीत देशातील १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी २९ टक्क्यांहून अधिक जणींनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचे सांगितले. त्या घरांतून मुले असतात, आणि एका खोलीच्या घरात मुलाला दुसरीकडे बघायला जागा नसते. अमेरिकेत १९९८ साली फेलिट्टी आणि आंडा या डॉक्टरांनी प्रौढ माणसांच्या बालपणाचा आणि आजारांचा संबंध तपासला, तेव्हा आईला मार खाताना पाहणे हे त्यांनी मुलाच्या स्वतःच्या इजांच्या बरोबरीने मोजले. अशा चार किंवा अधिक गोष्टी ज्यांच्या बालपणी घडल्या, त्यांच्यात दारूचे व्यसन, नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचे प्रमाण काहीच न घडलेल्यांपेक्षा चार ते बारा पट आढळले. सत्तावीस वर्षांत माझ्या वर्गात सोमवारी डुलक्या घेणारी किती मुले होती आणि त्यांच्या घरी रविवारी रात्री काय होत असे, हे मला पुष्कळदा माहीत असे. मी त्यांना खडू फेकून जागे करीत असे.

हेही मला स्पष्ट लिहायचे आहे की प्रत्येक मूल आजारी पडत नाही. घरात शांतता, वेळेवर शाळा, वेळेवर झोप आणि खरे सांगणारे एक तरी विश्वासाचे मोठे माणूस मिळाले, तर बहुतेक मुले काही आठवड्यांत सावरतात. थोड्या मुलांना मात्र उपचार लागतात. ती थोडी मुले कोणती, हे कोणी नीट पाहिल्याशिवाय कळत नाही, आणि आमच्याकडे पाहिले गेलेले नाही. म्हणून मी मोठ्या खर्चाची मागणी करीत नाही.

माझ्या मागण्या साध्या आहेत. त्या दिवशी तेथे असलेल्या सर्व मुलांची गोपनीय यादी पंधरा दिवसांत करावी आणि जिल्हा रुग्णालयाच्या मानसिक आरोग्य पथकाने शाळेत येऊन, मंडप न घालता, एकेका मुलाला पालकांसमवेत भेटावे. पुढील सहा महिने आठवड्यातून दोन दिवस एक प्रशिक्षित समुपदेशक दोन्ही शाळांत बसावा; पद मंजूर नसेल तर प्रतिनियुक्तीवर पाठवावा. हा माणूस अहिराणी जाणणारा असावा. माझ्या नातवाने प्रमाण मराठीत मला प्रश्न विचारला नव्हता, आणि सातपुड्यातल्या मुलाला हाच प्रश्न पावरीत किंवा भिलीत पडेल. भीती घरच्याच भाषेत सांगता येते. मुलांचे जबाब यापुढे घरी, साध्या वेशातील महिला अधिकाऱ्यासमोर, शक्यतो एकदाच घ्यावेत. व्हिडिओ पुढे पाठविणाऱ्यांवर काय कारवाई झाली ते गावाला सांगावे. आठवीतल्या त्या मुलाचा दाखला परत घेऊन त्याला परीक्षेला बसवावे. यासाठी कोणत्याही नव्या पदाची किंवा निधीची गरज नाही, एका सहीची आहे. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक भिंतीवर रंगवून थांबू नये, शिक्षकांनी आणि पालकांनी तो कधी आणि कसा लावायचा ते पालकसभेत समजावून सांगावे. आणि जिल्ह्यात यापुढे मुलांच्या देखत गंभीर गुन्हा घडला, तर पोलिसांनी त्याच दिवशी बाल कल्याण समितीला आणि शाळेला मुलांविषयी लेखी कळवावे, असा आदेश आपण तिघांनी मिळून काढावा. पंचनाम्याला जोडून एक पान वाढेल.

या पत्राला लेखी उत्तर नाही मिळाले तरी चालेल. शाळा साडेदहाला भरते. मधली सुट्टी दीड वाजता होते. आपल्यापैकी कोणीही एकाने, ताफा न आणता, एखाद्या दिवशी त्या वेळी यावे आणि शौचालयाच्या मागे दहा मिनिटे उभे राहावे. मी फाटकाशी असेन.

आपली,
तापीकाठच्या एका गावातील निवृत्त शिक्षिका